महानगराची खरी हद्द : नागपूर आणि वैनगंगेपलीकडची खैरलांजी

१. प्रश्न

महानगर वाढते म्हणजे काय वाढते, हे मोजणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. महापालिका आपल्या हद्दीतली माणसे मोजते, विकास प्राधिकरण आपल्या नकाशातली गावे मोजते आणि जनगणना राज्यवार तक्ते छापते. नागपूरच्या बाबतीत या तिन्ही मोजण्या महाराष्ट्राच्या सीमेवर थांबतात. नागपूर मात्र तिथे थांबत नाही. शहरात स्लॅब टाकणारे मजूर, मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांग लावणारे रुग्ण आणि अभ्यासिकेत जागा धरून बसलेली पोरे यांतले बरेच जण बालाघाट, शिवनी, छिंदवाडा या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांचे असतात.

या लेखाचे प्रतिपादन असे : राज्याची सीमा महानगराच्या सगळ्या प्रवाहांना सारखी अडवत नाही. ती चाळणीसारखी काम करते. श्रम तिच्यातून जवळजवळ विनासायास पलीकडे जातात, माल थोडा अडखळतो आणि शिक्षण सर्वांत जास्त अडते. परिणामी सीमेपलीकडचा प्रदेश महानगराला अंगमेहनत पुरवतो, पण त्या महानगरात कौशल्य आणि पदवी मिळवण्याचा त्याचा मार्ग अरुंद राहतो. हे तपासण्यासाठी बालाघाट जिल्ह्यातला खैरलांजी तालुका घेतला आहे. (२००६च्या हत्याकांडामुळे देशभर ऐकू आलेली खैरलांजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आहे. ही खैरलांजी वेगळी.)

खैरलांजी बालाघाटच्या दक्षिण-पश्चिम टोकाला, वैनगंगा आणि बावनथडीच्या खोऱ्यात आहे. नदीच्या अल्याड महाराष्ट्रातले तिरोडा आणि तुमसर हे तालुके. दोन्ही तीरांवर तीच धानाची बांधी, तेच पऱ्हे, तीच रोवणी. पोवार, कुणबी, महार, गोंड, लोधी या समाजांची सोयरीक नदी ओलांडून होते. घरात पोवारी किंवा झाडी वळणाची मराठी, बाजारात दोन्ही आणि शाळेत हिंदी, असा भाषेचा व्यवहार आहे. इथून नागपूर साधारण सव्वाशे किलोमीटर, तर राज्याची राजधानी भोपाळ चारशेहून अधिक. मुंबई–हावडा लोहमार्गावरचे तिरोडा स्टेशन नदीपार आहे. नागपूरला जाणारा माणूस आधी महाराष्ट्रात येतो आणि मग गाडीत बसतो.

२. पूर्वपीठिका : एक प्रदेश, दोन राज्ये

आज जो सीमापार व्यवहार वाटतो तो शंभर वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणाहून विभागाच्या ठिकाणी जाण्याइतका साधा होता. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा बनवला गेला आणि तो नागपूर विभागात राहिला. त्याच वर्षी मुंबईहून येणारी रेल्वे नागपुरात पोहोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग गोंदियावरून पूर्वेकडे नेला आणि गोंदिया–जबलपूर या अरुंद रुळांच्या गाडीने बालाघाटला त्यावर जोडले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रशासन, रेल्वे आणि कापड या तीन खांबांवर आधुनिक नागपूर उभे राहिले आणि सातपुड्याच्या दक्षिण उताराचा सगळा टापू त्याच्याकडे ओढला गेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. जी गावे नागपूर ही आपली राजधानी मानत आली होती त्यांच्यासाठी ते शहर एका रात्रीत परराज्यातले झाले. आर्थिक ओढ मात्र फर्मानाने बदलत नाही. बालाघाटचे मँगनीज हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. भरवेली, उकवा आणि तिरोडी या खाणी मध्य प्रदेशात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग भंडाऱ्यात, मनसर आणि कांद्री नागपूर जिल्ह्यात. १९६२मध्ये स्थापन झालेल्या आणि आज ‘मॉयल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. खनिजाचा पट्टा सलग आहे, म्हणून कंपनीलाही सलग राहावे लागले.

३. लोकसंख्या : वेग मंदावतो, विस्तार थांबत नाही

नागपूर महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या १९८१मध्ये सुमारे १२.१९ लाख होती. १९९१मध्ये ती १६.२५ लाख, २००१मध्ये २०.५२ लाख आणि २०११मध्ये २४.०६ लाख झाली. दशकी वाढ ३३ टक्क्यांवरून २६ आणि मग १७ टक्क्यांवर आली. केवळ टक्केवारीच घसरली असे नाही. नव्वदच्या दशकात शहरात सव्वाचार लाखांहून अधिक माणसे वाढली, पुढच्या दशकात साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे प्रत्यक्ष भरही कमी झाली.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते की वाढ शहराबाहेर सांडली. ते अर्धेच खरे आहे. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ दरम्यान ४०.६८ लाखांवरून ४६.५४ लाख झाली. त्यातून महापालिका वजा केली तर उरलेल्या जिल्ह्याची वाढ साडेअकरा टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे शहरापेक्षा कमी. वाडी, दिघोरी, हिंगणा, बुटीबोरी अशी शहरालगतची ठिकाणे झपाट्याने फुगली, पण काटोल, नरखेड यांसारख्या दूरच्या तालुक्यांनी सरासरी खाली ओढली. महानगराची वाढ सर्व दिशांना सारखी पसरत नाही. रस्ता, कारखाना आणि स्वस्त प्लॉट जिथे एकत्र येतात तिथे ती गोळा होते.

आता भोवतालचे जिल्हे पाहू. याच दशकात वर्धा सुमारे ५.२, भंडारा ५.६ आणि गोंदिया १०.१ टक्के वाढला. बालाघाट १३.६ टक्के वाढून १७.०२ लाखांवर गेला, तर मध्य प्रदेशाची सरासरी वाढ वीस टक्क्यांच्या पुढे होती. बालाघाट आपल्या राज्यापेक्षा कितीतरी हळू वाढला आणि त्याचे वळण विदर्भाच्या जिल्ह्यांजवळ गेले. याला दोन कारणे असू शकतात : कमी जन्म आणि जास्त स्थलांतर. जननदर दोन्ही राज्यांत झपाट्याने उतरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६मध्ये मध्य प्रदेशात एका स्त्रीमागे सरासरी ३.१ मुले होती, २०१९-२१मध्ये २.०. महाराष्ट्रात हाच आकडा २.१वरून १.७वर आला.

स्थलांतराचा पुरावा लोक लिंग गुणोत्तरात शोधतात. २०११मध्ये बालाघाटमध्ये हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, राज्याची सरासरी ९३१. पुरुष बाहेर गेले म्हणून स्त्रिया जास्त, असे चटकन वाटते. पण सहा वर्षांखालच्या मुलांमध्येही बालाघाटचे प्रमाण ९६०च्या पुढे होते, राज्यात ते ९१८. लहान मुले मजुरीला जात नाहीत. याचा अर्थ या टापूत मुलगी जगवण्याची रीत मुळातच बरी आहे आणि स्थलांतराचा परिणाम त्यावर चढलेला आहे. दोन्ही कारणे वेगळी केल्याशिवाय १०२१ हा आकडा काहीच सिद्ध करत नाही.

मोजणीचा दुसरा घोळ ऋतूचा आहे. खैरलांजीकडच्या मजुराचे वर्ष धानाभोवती फिरते. मृगात पऱ्हे टाकायला तो गावी असतो, आषाढ-श्रावणात रोवणी होते, दिवाळीच्या आसपास कापणी आणि चुरणी. ज्याच्या बांधीला दुसऱ्या पिकाचे पाणी नाही त्याला त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत गावात काम फारसे नसते. मग मुकादमाचा फोन येतो आणि पाच-सात जणांची टोळी नागपूर किंवा हैदराबादची वाट धरते. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली, म्हणजे टोळ्या बाहेर असण्याच्या ऐन काळात. बांधकामाच्या जागेवर टिनाच्या खोलीत राहणारा माणूस शहरात मोजला गेला, गावात मोजला गेला, की दोन्हीकडून निसटला, हे प्रगणक त्या खोलीपर्यंत पोहोचला का यावर ठरते. हे स्थलांतर किती मोठे आहे याची झलक २०२०च्या टाळेबंदीत दिसली. बालाघाटच्या राजेगाव सीमेवर दक्षिणेकडून पायी आलेले मजूर उतरू लागले, तेव्हा तक्त्यात नसलेली लोकसंख्या रस्त्यावर दिसली.

कागदावरचा पत्ता बदलू नये यासाठीही आता कारण आहे. मध्य प्रदेशाने २०२३मध्ये ‘लाडली बहना’ आणि महाराष्ट्राने २०२४मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना सुरू केली. दोन्ही योजना त्या त्या राज्याच्या रहिवासी स्त्रीसाठी आहेत. नवरा वर्षाचे सहा महिने नागपुरात काढत असला तरी बायकोचा पत्ता, मतदार यादीतले नाव आणि बँक खाते खैरलांजीतच ठेवणे कुटुंबाच्या फायद्याचे असते. राहणे एकीकडे आणि रहिवास दुसरीकडे, अशी ही दुहेरी वस्ती आहे.

४. अर्थव्यवस्था : कोणते काम सीमा ओलांडते

एम्प्रेस आणि मॉडेल मिल यांच्या पडझडीनंतर नागपूरच्या अर्थव्यवस्थेचे केंद्र बदलले. आधी हिंगणा आणि मग बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय, मिहानमधल्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि विमान दुरुस्ती केंद्र, २०१७च्या वस्तू व सेवा करानंतर वाढलेली गोदामे, असा हा क्रम आहे. त्याच वर्षी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले आणि शहराभोवतालचा साडेतीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा मुलूख नियोजनाखाली आला. २०१९मध्ये मेट्रो धावू लागली. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरांचा पूर्ण रस्ता.

या कामांचे दोन थर आहेत. गोदामातला व्यवस्थापक, संगणक अभियंता, विमान तंत्रज्ञ हा वरचा थर पदवीवर चालतो. सेंटरिंग, सळई बांधणे, काँक्रीट ओतणे, हमाली, वॉचमनगिरी हा खालचा थर ओळखीवर चालतो. खैरलांजीचा माणूस मुख्यत्वे दुसऱ्या थरात शिरतो आणि इथे सीमा त्याला जवळजवळ काही विचारत नाही. मुकादमाला जातीचा दाखला नको, अधिवास प्रमाणपत्र नको. नागपूरच्या बाजारात हिंदी सर्रास चालते, त्यामुळे भाषेचाही खर्च नाही. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे धान्य परराज्यात उचलता येते. १९७९मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला तो ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून भरती करून आणलेल्या मजुरांसाठी. गावकीच्या ओळखीने आपण होऊन जाणारी टोळी त्याच्या नोंदवहीत क्वचितच येत असे. मजुराला येताना कुणी अडवत नाही, आणि तो पडला-धडपडला तर त्याची नोंद कुठे शोधायची हेही कुणाला ठाऊक नसते.

मालाची गोष्ट मधली आहे. धान हे या टापूचे मुख्य पीक आणि भातगिरण्या वारासिवनी, बालाघाट, गोंदिया, तुमसर अशा दोन्ही राज्यांत पसरलेल्या. हमीभाव केंद्राचा असला तरी बोनस राज्याचा असतो. ज्या वर्षी ज्या बाजूची घोषणा मोठी, त्या बाजूला धान सरकते, आणि मग सातबारा कुठला, नोंदणी कुठली हे प्रश्न खरेदी केंद्रावर उभे राहतात. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा नकाशा जिल्ह्याच्या हद्दीत थांबतो, गिऱ्हाईक मात्र नागपूर-गोंदियातही आहे.

पाण्याच्या बाबतीत तर महानगरच सीमेपलीकडे हात पसरून उभे आहे. नागपूरची तहान मुख्यतः पेंच नदीवर भागते. तोतलाडोहचे धरण हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प. वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यावर खाली येणारे पाणी घटले आणि २०१९च्या जुलैत पाऊस लांबला तेव्हा नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. बावनथडीचा प्रकल्पही दोन राज्यांनी मिळून उभारला. पाणी वाटायचे ठरले की सीमेवर बसून हिशेब करता येतो, हे दोन्ही सरकारांना चांगले ठाऊक आहे.

५. शिक्षण : सर्वांत बारीक जाळी

१८८३मध्ये हिस्लॉप कॉलेज, १८८५मध्ये मॉरिस कॉलेज आणि १९२३मध्ये नागपूर विद्यापीठ. स्थापनेच्या वेळी या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सगळा मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते, बालाघाटसह. १९४६मध्ये सागर आणि १९५६मध्ये जबलपूर येथे विद्यापीठे झाली आणि बालाघाटची महाविद्यालये उत्तरेकडे जोडली गेली. नागपूर मात्र वाढतच गेले : १९४२मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था, १९४७मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९६०मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आजचे व्हीएनआयटी), १९८४पासून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये, २०१५मध्ये आयआयएम, २०१८मध्ये एम्स.

साक्षरतेचे आकडे सीमेपलीकडे उतरलेले दिसतात. २०११मध्ये नागपूर जिल्हा ८८.४ टक्के, गोंदिया ८५, भंडारा ८३.८, बालाघाट ७७.१, शिवनी ७२, छिंदवाडा ७१. आपल्या राज्याच्या ६९.३ टक्क्यांच्या पुढे बालाघाट स्पष्टपणे आहे. तरी वैनगंगा ओलांडताना आठ टक्क्यांची पायरी उतरावी लागते. ती पायरी सीमेमुळेच आहे, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. बालाघाटच्या सरासरीत बैहर, बिरसा, परसवाडा यांसारखा डोंगराळ आदिवासी मुलूख आहे आणि गोंदियातही देवरी, सालेकसा आहेत. खरी तुलना जिल्ह्यांची नको, समोरासमोरच्या तालुक्यांची हवी : खैरलांजी विरुद्ध तिरोडा. तीच माती, त्याच जाती, नागपूरपासून जवळपास तेवढेच अंतर. एवढे सगळे समान असताना जो फरक उरेल तो राज्ययंत्रणेचा.

प्रवेशाच्या नियमांत मात्र सीमेचा परिणाम सरळ वाचता येतो. समजा दोन मुली आहेत, एक तिरोड्याची, एक खैरलांजीची, दोघी बारावी विज्ञान, गुणही सारखे. तिरोड्याची मुलगी महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेत राज्याची उमेदवार ठरते आणि अभियांत्रिकीच्या बहुतांश जागा तिच्यासाठी खुल्या होतात. खैरलांजीची मुलगी दहावी-बारावी मध्य प्रदेशातून झाली म्हणून अखिल भारतीय किंवा संस्था स्तरावरच्या मोजक्या जागांकडे वळते. वैद्यकीयमध्ये सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात, बाहेरच्यांसाठी अखिल भारतीय १५ टक्के. व्हीएनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, त्यात ती बसत नाही. जातीच्या दाखल्याचेही तसेच. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला स्थलांतराने दुसऱ्या राज्यात तो लाभ मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात दिला. एम्स, आयआयएम यांना राज्याची भिंत नाही, पण तिथली स्पर्धाही देशभराची आहे.

इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, पण तो कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांपुरता. बालाघाटवर महाराष्ट्राचा दावा नाही, म्हणून तिथल्या मराठी मुलाला ती सवलत नाही. वाद असेल तिथे आपुलकी आणि वाद नसेल तिथे परकेपणा, असा हा न्याय आहे.

६. तीन प्रवाहांचा मेळ

आता तिन्ही प्रवाह एकत्र ठेवू. सोळा-सतरा वर्षांचा शाळा सोडलेला मुलगा तिरोड्याला गाडीत बसून दुपारपर्यंत नागपुरात कामाला लागू शकतो. त्याच गावातला हुशार मुलगा मात्र पदवीसाठी जबलपूर, भोपाळ किंवा इंदूरकडे जातो, कारण सवलत आणि शिष्यवृत्ती तिकडे आहे. श्रम दक्षिणेला, पदवी उत्तरेला, अशी विभागणी होते. यात दोन्हीकडचे नुकसान आहे. नागपूरला जवळच्या टापूतून बिगारी मिळतो, तंत्रज्ञ कमी मिळतो. आणि खैरलांजीच्या ज्या घराची नागपुरात तीस वर्षांची ओळख आहे, त्याला ती ओळख पुढच्या पिढीच्या शिक्षणासाठी वापरता येत नाही.

कुणी म्हणेल, प्रत्येक राज्याने आपल्या करदात्याच्या मुलांना अग्रक्रम द्यावा हे रास्तच आहे. तत्त्व म्हणून ते मान्य केले तरी नागपूरच्या इमारती, वीज आणि पाणी यांत पलीकडच्यांचा घाम आणि नदी दोन्ही आहेत, हे हिशेबात धरावे लागते. जो प्रदेश महानगराच्या उत्पादनात मोजला जातो तो त्याच्या संधींत शून्य धरता येत नाही.

प्रशासकीय रचना या प्रश्नाला तोंड द्यायला तयार नाही. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्राची कल्पना आणली, पण ते क्षेत्र त्या त्या राज्याच्या राज्यपालांनी अधिसूचित करायचे. जनगणनेतले नागरी समूहही राज्याच्या आतच धरले जातात. राज्यांच्या सल्लामसलतीसाठी १९५६च्या कायद्याने क्षेत्रीय परिषदा केल्या, त्यात महाराष्ट्र पश्चिमेत आणि मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात. म्हणजे या सीमेवरच्या दोन राज्यांना नियमित एकत्र बसवणारी क्षेत्रीय परिषदच नाही. अपवाद दिल्लीचा आहे : १९८५च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ झाले आणि दिल्लीभोवतीच्या राज्यांचे जिल्हे त्यात आले. आंतरराज्य महानगर प्रदेश कायद्याने शक्य आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

७. निष्कर्ष

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. सोळा वर्षांनी मिळणारे हे आकडे जुन्याच साच्यात ओतले तर नागपूरची वाढ पुन्हा अर्धीच दिसेल. तेव्हा पहिले काम मोजणीचे : स्थलांतराचे तक्ते मूळ तालुका आणि पोहोचलेला तालुका या जोडीने, राज्यसीमा न मानता प्रसिद्ध व्हावेत आणि बांधकामाच्या जागांवर प्रगणकांची खास फेरी व्हावी. दुसरे काम प्रवेशाचे : कर्नाटक सीमेसाठी जो वर्ग आहे तो वैनगंगेच्या सीमेलाही लावावा आणि मध्य प्रदेशानेही तिरोडा-तुमसरच्या मुलांसाठी तशीच परतफेड करावी. तंत्रनिकेतन आणि आयटीआयपासून सुरुवात केली तर खर्च कमी आणि फायदा चटकन. तिसरे काम नोंदणीचे : बांधकाम कामगाराने एका राज्यात घेतलेले कार्ड दुसऱ्या राज्याच्या कल्याण मंडळाने मानावे, जसे शिधापत्रिकेचे झाले.

यांतल्या कशालाही सीमा हलवावी लागत नाही. तोतलाडोह आणि बावनथडीच्या पाण्यासाठी दोन राज्ये एका टेबलावर बसली, कारण पाणी अडले तर शहर अडते हे दोघांनाही दिसत होते. खैरलांजीचा मुलगा तंत्रज्ञ झाला नाही तर शहराचे काय अडते, ते पाण्यासारखे एका उन्हाळ्यात दिसत नाही. ते पिढीने दिसते, आणि तोवर तो मुलगा सेंटरिंगच्या फळ्या वाहणाऱ्या टोळीत मुरलेला असतो. महानगराची खरी हद्द आखायची असेल तर पहिली खूण त्या टोळीच्या गावावर करावी.